इद्दतीतला मोगरा

मोगऱ्याला केफची थंडी सोसत नाही, हे वसीला सून म्हणून आली तोवर आमच्या घरात कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. आमचं केफ ट्युनिशियातलं, डोंगराच्या खांद्यावर वसलेलं. आमच्याकडे गहू, मेंढरं, ऑलिव्हची झाडं आणि वारा. मोगरा खाली समुद्रकाठचा, वसीलाच्या राडेस गावचा. तिथं तो कुंपणालासुद्धा वाढतो, शेळ्या त्याचा पाला खातात आणि कुणी हाकलत नाही, असं ती सांगायची.

लग्नाच्या सामानात गाद्या आल्या, तांब्याची भांडी आली, आणि मांडीवर तेलाचा एक रिकामा डबा घेऊन ती गाडीतून उतरली. डब्यात वीतभर रोप. आमच्या सासूबाई मन्नूबिया दारातच उभ्या होत्या. आम्ही सगळे त्यांना लल्ला म्हणत असू. हनुवटीवर गोंदण, कमरेला चाव्या, हाताला कायम लोकरीचा वास. त्यांनी सुनेला पाहिलं, डब्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलंस. आमच्याकडे काड्यांचीच वाण होती."

मी त्या घरातली धाकटी सून, हनीफा. धाकटी असले तरी वसीलाच्या आधी वर्षभर आलेली, कारण मोठ्या मुलाचं, हम्मादीचं, लग्न जमता जमत नव्हतं. त्याला समुद्राकडची मुलगी हवी होती. सैन्यात असताना त्यानं राडेस पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझा नवरा मुख्तार म्हणायचा, दादाला समुद्र तर घरी आणता येत नाही, म्हणून बायको आणतोय.

पहिल्या हिवाळ्यात ते रोप जवळजवळ गेलंच होतं. पानं पिवळी पडून गळली, नुसत्या काटक्या उरल्या. वसीला रडली नाही. ती एकेक गोष्ट करून बघत गेली. आमच्या झऱ्याच्या पाण्यात चुना फार. भांड्यांच्या बुडाला त्याचा पांढरा थर बसतो. मोगऱ्याला तो चालत नाही हे तिला कळलं, तेव्हा तिनं गच्चीवरचं पावसाचं पाणी रांजणात धरून ठेवायला सुरुवात केली. तेही तसंच गार घालायचं नाही. राखेच्या कडेला लोटी ठेवायची, बोट बुडवून गार लागलं नाही म्हणजे घालायचं. शेगडीची काजळी पानांवर बसते, म्हणून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं, वरून आणि खालूनही. डबा रोज थोडा फिरवायचा, नाहीतर झाड खिडकीकडेच वाकतं. तिची खोली भाकरीच्या भट्टीला लागून होती. भिंत सकाळपासून कोमट असायची. त्या भिंतीजवळच्या तिवईवर झाडाची जागा ठरली. वसंतात ती कात्री घेऊन त्याला पार बोडकं करून टाकायची. मुख्तार हसायचा. "ही बाई मेंढरासारखं झाड भादरते. पुढच्या वर्षी त्याची लोकर काढील."

पण उन्हाळ्यात त्या बोडक्या झाडावर कळ्या धरायच्या आणि मग कुणी हसत नसे.

दुपारची नमाज झाली की ती कळ्या खुडायची. मिटलेल्याच, टपोऱ्या, उमलायच्या बेतात आलेल्या. सुक्या गवताच्या बारीक काड्या करून एकेका काडीवर एकेक कळी खोचायची, मग सगळ्या काड्या एकत्र धरून लाल दोऱ्यानं गुंडाळायच्या. झाला मशमूम. बोटभर लांबीचा गुच्छ, वर पांढरं डोकं. अंजिराच्या पानात गुंडाळून ती तो आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवायची. खिडकी गल्लीत उघडते. हम्मादी खोगीर शिवायचा. दुकान बंद करून चहाच्या अड्ड्यावर जाताना तो गल्लीतूनच हात घालून मशमूम घ्यायचा, कानावर खोचायचा आणि चढण चढायला लागायचा. वर पोचेपर्यंत कळ्या उमललेल्या असायच्या. खुडल्या तरी त्या उमलतातच.

केफमध्ये तेव्हा मशमूम विकणारा कुणी नव्हता. समुद्राकडच्या गावात पुरुष विकत घेतात, कानावर लावतात, त्याचं कुणाला काही नाही. आमच्याकडे मशमूम म्हणजे एकाच घरातला, एकाच बाईच्या हातचा. अड्ड्यावर त्याला छेडायचे, "हम्मादी, आज पण बायकोला कानावर बसवून आणलंस वाटतं." तो म्हणायचा, "तुमच्या बायका तुम्हाला कांद्याची पात तरी खोवून देतात का ते सांगा आधी."

त्याच्यासारखा हसरा माणूस त्या घरात पुन्हा झाला नाही.

ज्या वर्षी तो गेला, त्या वर्षी ऑलिव्हची तोडणी नुकती सुरू झाली होती. विषमज्वर. आठवडाभर तो काहीबाही बोलत राहिला आणि मग बोलायचा थांबला. मुलगी नफीसा तेव्हा चार संपवून पाचव्यात होती. तिला शेजारी पाठवलं होतं. परत आणली तेव्हा कुणीतरी तिला सांगून टाकलं, बाबा चामडं आणायला ट्यूनिसला गेलाय. लहान मुलांना आमच्याकडे असंच सांगत. मोठी झाली की कळतं, असं म्हणत. तिनं विचारलं, केव्हा येणार. सांगणारी म्हणाली, येईल, चामडं मिळालं की.

वसीला इद्दतीला बसली. चार महिने आणि वर दहा दिवस. घराबाहेर पाऊल नाही, घरातही सहसा आपल्याच खोलीत, डोळ्यांत काजळ नाही, हाताला मेंदी नाही, अंगाला कसला सुवास नाही. हे सगळं तिला मान्य होतं. कुणी सांगायचीही गरज नव्हती. तिचा भाऊ सादोक मातीला आला होता. तिसऱ्या दिवशी, शेख आणि शेजारची चार माणसं बसलेली असताना, त्यानं विषय काढला की इद्दत संपली की बहिणीला आणि भाचीला राडेसला न्यावं म्हणतो, आई म्हातारी आहे, घर मोठं आहे. पडद्याआड बसलेल्या लल्ला ते सगळं ऐकत होत्या. मग आतूनच म्हणाल्या, "इद्दत नीट पाळली तर मुलीला घेऊन खुशाल जा. मी आडवी येणार नाही. पण माझ्या हम्मादीच्या नावाला इद्दतीत डाग लागला, तर मुलगी या घरची. हे शेखसाहेबांसमोर सांगते."

शेख म्हणाले, बरोबर आहे. सादोक म्हणाला, माझ्या बहिणीची मला खात्री आहे. वसीलाच्या चेहऱ्यावर त्या वेळी काही दिसलं नाही. नफीसा तिच्या मांडीवर झोपली होती.

झाडाचा विषय आठवड्याभरानं निघाला. शरद ऋतूतला मोगरा शेवटचा फुलतो, आणि एक फूल रात्रीतून उमललं होतं. लल्ला सकाळी भाकरी घेऊन त्या खोलीत गेल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

"हा वास कसला?"

वसीलानं झाडाकडे बोट केलं.

"विधवेच्या खोलीत अत्तर चालत नाही, आणि हे काय आहे?"

"लल्ला, हे मी अंगाला लावलेलं नाही. झाड आहे ते."

"नाकाला काय कळतं, झाड आहे की बाटली आहे? उद्या बायका येतील बसायला. त्या काय म्हणतील?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, बायकांना आपण कॉफी देतो त्यात नारंगीच्या फुलांचं पाणी असतंच की. लल्लांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी भाकरीचं फडकं उचलून बाहेर आले.

तोडगा असा निघाला की झाड माझ्या खोलीत न्यायचं. मला आनंदच झाला. पण माझी खोली उत्तरेकडची, वारा थेट दारातून आत येणारा. दोन रात्रींत पानांच्या कडा जळाल्यासारख्या काळ्या झाल्या. स्वयंपाकघरात धूर. लल्लांच्या खोलीत ठेवा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी वसीलानं मला खूण केली. डबा उचलून मी तिच्याकडे परत नेला. ती त्याच्यासमोर बसली आणि एकेक पान चाचपून बघू लागली, आजारी मुलाचं अंग बघतात तसं.

लल्लांनी तेही मान्य केलं. म्हणाल्या, "ठेव. पण एक फूल उमलता कामा नये. एक जरी उमललं तर मी विचारायला येणार नाही, डाग लागला असं सरळ समजेन."

तेव्हापासून वसीला कळ्या खुडायला लागली. दिसली की खुडायची, तांदळाएवढी असतानाच. पण मोगऱ्याचा स्वभाव उलटा. शेंडा खुडला की खाली दोन फुटवे फुटतात, आणि प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्या धरतात. शिवाय दुखवट्याच्या दिवसांत माणसं सतत येत होती, भट्टी दिवसभर पेटती असायची आणि ती भिंत कधी थंड होत नव्हती. त्या झाडाला वाटलं असेल उन्हाळा आलाय. इतकी वर्षं तिनं जीव लावला तेव्हा जेवढं फुललं नसेल, तेवढं ते आता भरून येऊ लागलं. सकाळी खुडावं, तर दुपारी पानाआड आणखी सापडायच्या, काही तर चांगल्या टपोऱ्या झालेल्या.

मी एकदा तिला म्हटलं, पाणी तोडून बघ. थोडं सुकू दे, कळ्या धरणार नाहीत.

ती म्हणाली, "तोडलं होतं. पानं माना टाकायला लागली. हनीफा, ह्या घरात मी आणलेलं एवढं एकच जिवंत आहे. हम्मादीनं डब्याला भोकं पाडून दिली होती. मला नाही जमत."

खुडलेल्या कळ्या ती चिंधीत बांधून तिवईखाली ठेवायची आणि सकाळी मी ती पुरचुंडी उकिरड्यावर नेऊन टाकायची. शेगडीत टाकून पाहिल्या होत्या, पण जळतानाही त्यांचा वास सुटतो.

बसायला येणाऱ्या बायकांत तुर्किया होती. मेलेल्या बायकांना अंघोळ घालण्याचं काम तिच्याकडे, त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत ती जाऊन आलेली. हिरवंगार झाड बघून ती म्हणाली, "धनी गेला की घरातलं झाडसुद्धा वाळतं. आमच्या जावयाच्या घरी डाळिंब वाळलं होतं. हे मात्र बाळंतिणीसारखं तजेलदार आहे हो." वसीला म्हणाली, खाला, भिंत गरम आहे. तुर्किया म्हणाली, हो ना, भिंत गरम आहे. आणि बाकीच्यांकडे बघून तिनं खजुराचं बी थुंकलं.

चाळिसाव्याला घर भरलं होतं. बाहेर पुरुष, कुराणाचं पठण. आत वसीलाच्या खोलीत चटया टाकून बायका. मी आणि मुख्तारची आत्या कुसकुसच्या पराती भरत होतो. बाहेर त्या हिवाळ्यातलं पहिलं कडक गार वारं सुटलं होतं, म्हणून खोलीची दारं खिडक्या लावलेल्या आणि माणसांच्या उबेनं आत चांगलंच गरम झालेलं. सकाळी वसीलानं झाड दोनदा तपासलं होतं. मीही तपासलं. एक कळी नव्हती.

दुपार कलली आणि वास यायला लागला. आधी मला वाटलं मनाचा खेळ आहे. मग एकेक बाई बोलायची थांबली. मोगऱ्याचा वास लपत नाही. तो खोलीत माणूस आल्यासारखा येतो. लल्ला उठल्या. त्यांनी स्वतः झाडाच्या फांद्या बाजूला करून बघितल्या, वरून, खालून. काही नाही. वसीला भिंतीला टेकून बसली होती, तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिला खरंच कळत नव्हतं वास कुठून येतोय.

तुर्किया खिडकीजवळ बसली होती. तिनं मागे हात घालून खिडकीचं आतलं दार उघडलं. दार आणि गज यांच्यामधल्या कोनाड्यात, गल्लीतून हात घातला तर सहज लागेल अशा जागी, मशमूम ठेवलेला होता.

तिनं तो दोन बोटांत धरून वर केला.

"हा कुणासाठी गं, बेटी?"

बाहेर पठण चालू होतं. गल्लीतल्या खिडकीतला मशमूम कोण घेतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि तो घेणारा चाळीस दिवसांपूर्वी मातीत गेला होता.

मी तो पाहिला. काड्या केरसुणीच्या होत्या, लहान-मोठ्या तोडलेल्या. कळ्या तिवईखालच्या पुरचुंडीतल्या, काही उमललेल्या, काही पोचट, काही खोचताना फाटलेल्या. लाल दोरा नव्हता, माझ्या मागाची लाल लोकर होती, आणि ती इतक्या वेळा गुंडाळली होती की गुच्छापेक्षा लोकरच जास्त. मी म्हणणार होते, अहो हे बघा तरी, तेवढ्यात दारातून नफीसा धावत आली. तुर्कियाच्या हाताला लोंबकळून ती म्हणाली, "ते बाबाचं आहे. तिथंच ठेव. तो जाताना घेतो."

एका बाईनं डोळ्याला पदर लावला. तुर्किया म्हणाली, "शिकवलेलं बरं बोलते पोर."

लल्लांनी हात पुढे केला आणि मशमूम घेतला. डोळ्यांजवळ नेला. त्यांनी जन्मभर लोकर कातली. त्याच महिन्यात, वेळ जावा म्हणून, त्यांनी नफीसाला लडीला गाठ कशी मारायची ते शिकवलं होतं; पोर दिवसभर सगळ्याला तीच गाठ मारत हिंडायची, चमच्याला, मांजराच्या शेपटीला. तीच गाठ होती. लल्लांचा अंगठा त्या गाठीवर थांबला, मी बघत होते. मग त्यांनी मशमूम कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि म्हणाल्या, "जेवणं वाढा. माणसं ताटकळलीत."

बायका जेवल्या. जाताना नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत गेल्या.

घर रिकामं झाल्यावर मुख्तार आईकडे आला, त्याला तोवर सगळं कळलं होतं. म्हणाला, "आई, पोरीनं केलंय ते. आंधळ्यालाही दिसेल."

"मला दिसलंय. मी गावाला काय दिसलं ते बोलते."

"मग गावाला सांगू की."

"काय सांगशील? मशमूम पोरीचा, आणि फुलं कुणाची? विधवेच्या खोलीत चाळीस दिवस फुलबाग चाललीय, आणि मी, हम्मादीची आई, भाकरी पोचवतेय." त्या वसीलाकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "तुला दोन गोष्टींतली एक मिळेल. झाड आज बाहेर गेलं, तर उद्या मी स्वतः तुर्कियाच्या दारात जाऊन सांगेन की पोरीचा खेळ होता, माझ्या सुनेवर बोट ठेवायचं नाही. झाड राहिलं, तर इद्दत संपल्यावर तू एकटी जायचं. शब्द शेखसाहेबांसमोर झालाय."

मी म्हटलं, झाड माझ्या माहेरी पाठवू, नाहीतर बसनं राडेसला. मुख्तार म्हणाला, मी नेऊन पोचवतो.

"मशमूम गावभर फिरला, आता झाडाची पण वरात काढा," लल्ला म्हणाल्या. "गच्चीवर. आणि मी हात लावणार नाही. तिनंच न्यायचं."

वसीलानं वाद घातला नाही. तिनं फडकं घेतलं आणि झाडाची पानं पुसली. सवयीनं की कशानं, मला माहीत नाही. मग डबा कमरेवर घेतला आणि जिना चढली. मी मागून गेले. गच्चीवर वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. तिनं डबा कठड्याच्या आडोशाला ठेवला. मग थोडं थांबून, तो आडोशातून उचलून मधोमध ठेवला.

"आडोशाला ठेवलं तर हळूहळू जाईल," ती म्हणाली. एवढंच.

खाली आलो तर नफीसा रिकाम्या तिवईपाशी उभी. लल्ला तिथंच बसून शेंगदाणे सोलत होत्या. पोरीनं त्यांना विचारलं झाड कुठं गेलं. लल्ला म्हणाल्या, "मला काय माहीत? आईला विचार. आईनं नेलं."

वसीला म्हणाली, वर ठेवलंय, आता झोप.

सकाळी कठड्यावर पांढरं दव गोठलं होतं. पोर माझ्या आधी उठून वर गेली. मी हाक मारत जिन्यात पोचले तेव्हा वसीलाही धावत आली होती. पानं काळी पडून खाली लोंबत होती, उकळलेल्या पालकासारखी. नफीसानं एक पान हातात घेतलं, ते बोटांना चिकटलं.

"हे मेलं?"

"हो," वसीला म्हणाली.

"तू मारलंस?"

वसीलानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. पोर मागे सरकली.

"बाबा आला की त्याला काय द्यायचं?"

मला आजही वाटतं, त्या क्षणी ती काहीतरी थाप मारू शकली असती. आम्ही सगळ्यांनी चाळीस दिवस मारलीच होती. पण ती थकली होती. तिनं खाली बसून मुलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नफीसा, बाबा येणार नाही. बाबा मेला. तो ट्यूनिसला गेलेलाच नाही."

पोरीनं झाडाकडे पाहिलं, मग आईकडे. रडली नाही. काही विचारलंही नाही. तिच्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकाच सकाळी, एकाच तोंडून आल्या आणि तिथंच जोडल्या गेल्या. आईनं झाड मारलं, आणि मग बाबा मेला. कुणी कितीही समजावलं तरी त्याचा क्रम तिच्यापुरता बदलला नाही. मी समजावलं. मुख्तारनं समजावलं. मी तिला कबरीवर नेलं; ती दगडावर बसून मुंग्या बघत राहिली.

लल्लांनी शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी अंगभर सफ्सारी पांघरून त्या तुर्कियाच्या दारात गेल्या आणि आत न जाता, गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या. त्यानंतर वसीलाबद्दल कुणी ब्र काढला नाही. आणि पोरीला त्यांनी आईविरुद्ध काही सांगितलं असेल असंही मी म्हणणार नाही. तशी गरजच पडली नाही. त्या रात्री नफीसा आपली उशी घेऊन लल्लांच्या खोलीत गेली आणि लल्लांनी पांघरूण उचलून तिला आत घेतलं, एवढंच. सकाळी त्या तिला मधात बुडवलेला भाकरीचा पोपडा द्यायच्या, चातीवर लोकर कातायला शिकवायच्या. हम्मादी लहान असताना काय काय करायचा ते सांगायच्या. खरं सांगायचं तर त्या दोघी एकमेकींना आधार होत्या. एकीचा मुलगा गेला होता, एकीचा बाप.

वसीला आपल्या खोलीत बसून असायची. बाहेर निघायची मुभा नाही, त्यामुळे मुलगी आली तरच भेट. सुरुवातीला ती हाका मारायची. मग तिनं नफीसासाठी बाहुली शिवली, तिला हम्मादीच्या जुन्या सदऱ्याचा झगा घातला. पोरीनं ती घेतली, "घेतली" असं म्हणाली आणि लल्लांकडे घेऊन गेली. आईनं जवळ ओढलं तर ती लाकडासारखी ताठ व्हायची, सुटका होईपर्यंत. एकदा वसीला मला म्हणाली, राडेसला गेलो की ठीक होईल. तिथं समुद्र आहे, माझ्या आईच्या कोंबड्या आहेत. मुलं विसरतात. मी म्हटलं, हो, विसरतात.

इद्दत संपली तेव्हा डोंगरावर चिखल होता. सादोक आदल्या दिवशी आला, बहिणीसाठी नवी सफ्सारी आणि भाचीसाठी लाल बूट घेऊन. सकाळी सामान बांधून दारात ठेवलं. लल्लांनी मुख्तारसमोर, सादोकसमोर सांगितलं, "माझ्या सुनेनं इद्दत पाळली. मी जबान दिली होती. मुलगी तुमची, न्या."

नफीसा लल्लांच्या मागे उभी होती, त्यांचा झगा दोन्ही मुठींत धरून. लल्लांनी तिला धरलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात मोकळे, बाजूला सोडलेले होते. ते सगळ्यांना दिसावं असे.

वसीला खाली बसली. "चल, नफीसा. मामानं बूट आणलेत बघ."

"मी नाही."

"आजी वाट बघतेय. तिथं कोंबड्या आहेत."

"तू मला पण वर ठेवशील," पोर म्हणाली.

सादोकला त्याचा अर्थ कळला नाही. तो हसला, पुढे झाला आणि त्यानं तिला उचललं. ती असं किंचाळली की शेजारची दारं उघडली. त्याच्या हाताला चावली, रक्त निघालं, आणि मग रडता रडता तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले, डोळे फिरले. मी धावून पाणी मारलं. श्वास परत आला तशी तिनं पुन्हा लल्लांकडे हात पसरले.

"ठेव तिला खाली," वसीला म्हणाली.

"अगं, दोन दिवस रडेल आणि राहील. पोरं अशीच असतात. आत्ता सोडलीस तर पुन्हा मिळायची नाही."

"दादा, खाली ठेव. बाप माझ्यामुळे गेला असं धरून बसलीये ती. आता आजीपासून पण मीच तोडली असं झालं, तर ती माझ्या घरात राहील, पण माझी नाही राहायची."

"मग तू राहा इथं."

वसीलानं लल्लांकडे पाहिलं. लल्ला राहा म्हणाल्या नाहीत. मुख्तार जमिनीकडे बघत होता. मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी मी म्हटलं, लल्ला, तुम्ही एकदा म्हणा तिला. लल्ला म्हणाल्या, "तिचं माहेर आहे. माझ्या मुलाशिवाय तिला या घरात काय आहे?"

पोर तोवर त्यांच्या झग्याआड गेली होती, नुसते पाय दिसत होते. वसीलानं लाल बूट त्या पायांपाशी ठेवले, जोडीनं, नीट. मग सामान उचललं. सादोक काहीतरी बडबडत पुढे निघाला. ती चिखलातून उतरत गेली. तिला डोंगरावर चालायची सवय कधीच झाली नव्हती, दर पावलाला भिंतीला हात लावायची.

आमच्याकडे घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या मागे उंबऱ्यावर पाणी ओततात. म्हणजे ते परत येतं. मी आत जाऊन लोटी भरून आणली. लल्लांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"वाया घालवू नकोस, हनीफा. पाहुण्याच्या मागे पाणी ओतत नाहीत."

मी तरी ओतलं. ती परत आलीही, पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्याच्या पुढच्या. दोन्ही वेळा लल्लांनी तिच्यासाठी कपाटातले सोनेरी काठाचे पेले काढले आणि नफीसाला हाक मारून सांगितलं, बेटा, पाहुण्यांना कॉफी दे. पोरीनं तबक आईसमोर धरलं, खाली न सांडता, आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.